तीन तासांनंतरची नळी

मी रक्त तपासायची नळी बोलतेय. हिरव्या टोपणाची, करंगळीएवढी, आणि अनुक्रमाने दुसरी. दुसरीचं म्हणणं ऐकून घ्यायची माणसांना फारशी सवय नसते, म्हणून थोडक्यात सांगते.

कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मतो. पोटातली हवा काढून घेतात आणि वर टोपण ठोकतात. त्या पोकळीमुळेच सुई टोचली की रक्त आपणहून आत येतं. माणसांतला पोकळपणा इतका उपयोगी पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. खोक्यातून मी गोदामात गेले आणि गोदामातून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात, एका ट्रेमध्ये येऊन पडले.

त्या सकाळी एक टेलरबाई आल्या. सोबत त्यांची नणंद. बाईंचा जबडा दुखत होता. नणंदेने अक्कलदाढेचं निदान करून त्यांना आधी दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तो भला माणूस म्हणाला, "दाढा ठणठणीत आहेत, पण एवढा घाम का? असेच इस्पितळात जा."

हृदयाचा आलेख काढला. त्यात काही सापडलं नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी पहिली नळी भरली. तेव्हाच माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली गेली. नाव तेच, वेळ एक वाजून दहा.

त्याचं कारण असं. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं प्रथिन असतं. ते सहसा घर सोडत नाही. स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं, पण लगेच नाही. सरकारी कागदासारखं आरामात येतं. म्हणून पहिली नळी चांगलं बोलली, तरी दुसरीची साक्ष घ्यावी लागते.

साडेअकराला पहिलीचा रिपोर्ट आला. नॉर्मल. या एका शब्दापुढे माणसं बाकीचं काही वाचत नाहीत. बाईंनी लगेच पाय खाली सोडले.

"बघा वन्सं, उगाच तमाशा केलात. चला, दोनला गिऱ्हाईक येणार आहे. कोटाच्या बाह्या तशाच पडल्यात."

"डॉक्टर थांबा म्हणालेत ना, वहिनी?"

"डॉक्टरांना कुठे बाह्या लावायच्यात! जबडाही थांबलाय दुखायचा."

तो थांबला नव्हता. बोलताना त्यांचा हात तीनदा हनुवटीखाली गेला, हे मी ट्रेमधून पाहिलं. पण मला विचारतो कोण?

फोनवर बाईंचे यजमान म्हणाले, "नॉर्मल आहे ना? मग ये की घरी." डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे धावले होते. सिस्टरने समजावून पाहिलं, मग नाइलाजाने स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाण्याचा फॉर्म आणला. बाईंनी तो न वाचता ऐटीत सही ठोकली.

सिस्टरने मला ट्रेतून उचललं. न वापरलेल्या, चिठ्ठी लावलेल्या नळीची जागा कचऱ्याच्या डब्यात असते. डबा तिच्या पायाशीच होता. तिने एकदा बाईंच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "खाली नातेवाइकाची सही लागते. त्याशिवाय सोडता येत नाही."

असा नियम नाही, हे तिला ठाऊक होतं. नियम माणसाच्या उपयोगी पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही नसलेला.

"करा हो वन्सं, एवढी सही करा."

नणंदेने पेन घेतलं. मी सिस्टरच्या मुठीत होते. तिची नाडी मला जाणवत होती. फॉर्मवर पेन टेकलं आणि तिथेच राहिलं.

"नाही करणार."

"अहो, असं काय?"

"सकाळी दाढ दाढ म्हणून तुम्हाला तासभर हिंडवलं मी. एकदा शहाणपणा केला तेवढा पुरे. दादाला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही आडव्या व्हा."

"तुमचा स्वभाव म्हणजे ना..."

"वाईट आहे. वीस वर्षं ऐकतेय. आडव्या व्हा."

बाई चिडून आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. नणंद पेन हातात धरून तशीच बसली. सव्वाबारा झाले, मग साडेबारा. एक वाजता बाई हळूच म्हणाल्या, "वन्सं, डावा हात जड वाटतोय." नणंद ओरडली, सिस्टर धावली. दुसरा आलेख काढता काढताच सुई टोचली आणि मी भरले. ते रक्त उबदार होतं.

मला खाली प्रयोगशाळेत पळवत नेलं, यंत्रात गरगर फिरवलं. पहिलीचा आकडा नऊ होता, माझा एकशे चार. तंत्रज्ञाने फोन लावला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "आलेखातही दिसलंय. बाईंना अँजिओप्लास्टीला न्यायला निघालोच आहोत." स्ट्रेचरची चाकं माझ्या डोक्यावरच्या मजल्यावरून घरंगळत गेली. मग काहीच ऐकू आलं नाही.

मला शीतकपाटात ठेवलं. वापरलेल्या नळीला कुणी रोग्याची हकिगत कळवत नाही. रात्रभर मी त्या गार रक्तासकट उभी होते.

सकाळी कपाटाचं दार उघडलं आणि शेजारच्या खाचेत एक नवी नळी आली. हिरवं टोपण, नाव तेच, तारीख आजची. तिचं पोट अजून कोमट होतं. मेलेल्या माणसाचं कुणी रक्त काढत नाही, एवढं मलाही कळतं.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"वरच्या खोलीत आहेत. कोटाच्या बाह्या नणंदेने लावल्यात म्हणे. उलट्या लागल्यात, यावरून भांडण चाललंय."

दोन-तीन दिवसांत मला जाळून टाकतील. त्याचं दुःख नाही. मागणं एवढंच आहे, पहिला रिपोर्ट चांगला आला तरी चपला शोधू नका. ट्रेमध्ये अजून कुणीतरी रिकामं पडलेलं असतं. त्याची वेळ होईपर्यंत थांबा.