खिडकीजवळची जागा

पाऊण तासात बांडुंगहून जकार्ता. ही वेगवान रेल्वेगाडी सुरू झाली आणि आमच्या घरातली निघायची घाईच संपली.

सासूबाईंना मात्र घाई होती. थोरल्या बहिणीच्या, एनोकमावशींच्या नातीच्या लग्नात त्या भर मांडवात बोलून गेल्या होत्या, "जकार्तेत राहून ताई रीतभात विसरली." तेव्हापासून दोघींचा अबोला. रमजानच्या आधी आमच्याकडे सगे एकत्र जेवतात, एकमेकांची माफी मागतात. धाकट्याने थोरल्याच्या दारी जायचं. थोरल्यालाच यावं लागलं, तर धाकट्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"आई, बसने कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस? मी नेतो वेगवान गाडीने," यायत म्हणाला. यायत माझा नवरा. बेत आखण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. निघण्याचं विचारू नका.

सासूबाईंनी प्यूयुम घातलं. साबुकंद उकडून त्याला खमीर लावायचं. दोन-तीन दिवसांत गोड होतं, पुढे आंबत जातं. मावशींचा त्यावर जीव. ते तयार झालं आणि यायतने जाणं पुढे ढकललं, कारण खिडकीजवळच्या जागा गेल्या होत्या.

"डोंगर नकोत का दिसायला, आई?"

"डोंगर जन्मभर बघतेय रे. मला ताईला बघायचंय."

"पाऊण तासाचा तर रस्ता. कधीही जाता येईल."

त्यांनी पुन्हा प्यूयुम घातलं. तेव्हा परतीची वेळ गैरसोयीची निघाली. पुढच्या खेपेला मीच म्हटलं, मुलांना सुट्टी लागू दे, सगळेच जाऊ. खरं सांगते, मलाही त्या गाडीत मिरवायचं होतं.

रमजान तोंडावर आला आणि एका दुपारी फाटक वाजलं. दारात एनोकमावशी, गुडघ्याला पट्टा बांधलेला. बसने आल्या होत्या. वाटेत वाहनांची रांग लागली होती, पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

"म्हटलं, तुम्हाला गाडी मिळत नसेल," त्या हसून म्हणाल्या. "आपणच जावं."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून बहिणीच्या चपला काढल्या आणि मान वर केलीच नाही. घरात आंबलेलं प्यूयुम तेवढं होतं. मावशींनी ते मुकाट्याने खाल्लं, वर आणखी मागितलं. मला तिथे उभं राहवेना. मी पुढे केलेल्या मुलांच्या सुट्टीपायी ह्या म्हातारीने एवढे हाल सोसले होते.

यायत आईपुढे गुडघे टेकून बसला. "चुकलो आई. माफ कर."

"करेन की. चांगला वार बघ आधी," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीजवळ जागा आहे का, तेही बघ."

यायतचे कान लाल झाले.

"उद्या ताईला पोचवायला मी जाणार. माफी तिच्या दारातच मागेन."

"मी आत्ता तिकिटं काढतो, आई."

"तुला कुणी सांगितलंय? आम्ही बसने जाऊ."

सकाळी दोघी बसमध्ये चढल्या. सासूबाईंनी खिडकीजवळ ताईला बसवलं आणि स्वतः पलीकडे बसल्या. आम्ही हात हलवले, सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. आईला दिसलं नसेल, असं यायत म्हणाला.