पाठमोरा व्हर्लिन

एल्डर क्रीकच्या पाणी मंडळाची बैठक सुरू झाली आणि आर्डिथ अवघडून बसली. इतकी वर्षं ती याच खोलीत मागच्या भिंतीशी कॅमेरा लावून उभी राहिली, तेव्हा अवघडून बसायचे ते समोरचे मंडळाचे सभासद. आज ती पहिल्यांदाच गावकऱ्यांच्या खुर्चीत बसली होती. विषय होता जुन्या बैठकांचं चित्रीकरण पुसून टाकण्याचा.

काय दिवस होते ते! बैठक केबलवर लागली की अख्खं गाव जेवता जेवता बघायचं. कोण डुलक्या काढतो, पाणीपट्टी वाढवताना कोण मान खाली घालतो, काही म्हणजे काही लपत नसे. कॅमेऱ्याचं तोंड कायम मंडळाकडे, हा आर्डिथचा हट्ट. बोलायला उठलेला गावकरी त्यात पाठमोराच दिसायचा. सगळ्यात जास्त वेळा दिसली ती तिच्या नवऱ्याची पाठ. व्हर्लिन गाईंच्या धारा काढून रबरी बुटांनिशी यायचा आणि वाट्याची तीन मिनिटं मंडळाची बिनपाण्याने करायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. घर खायला उठतं आता.

तिचं नाव पुकारलं. अध्यक्ष लोवेलने तिची तीन मिनिटं मोजायला अंडी उकडायचं घड्याळ फिरवून ठेवलं.

"आर्डिथ, अगं इतिवृत्त आहे ना! सगळं लिहिलेलं असतं त्यात."

"डोंबल लिहिलेलं असतं! 'श्री. व्हर्लिन यांनी मत मांडले.' बस्स! तू त्याला 'म्हाताऱ्या, बस आता' म्हणालास, ते कुठे लिहिलंयस? लाव एखादी बैठक. गावालाही कळू दे काय पुसायला निघालात ते."

मागे हशा पिकला. लोवेलचा नाइलाज झाला. पडद्यावर डोक्यावर दाट केस असलेला लोवेल आला आणि त्याच्यासमोर व्हर्लिनची रुंद पाठ.

"अध्यक्षमहाराज, आमच्या नळातून नुसता वारा येतो आणि तुमच्या तोंडून आश्वासनं. बादली कशानेच भरत नाही!"

पडद्यावरचं घड्याळ वाजलं. व्हर्लिन आपल्या खुर्चीकडे जायला वळला, थेट कॅमेऱ्याकडे बघून त्याने डोळा मारला आणि गेला.

आर्डिथ थिजली. तो डोळा मारणं तिला ठाऊक होतं. दर बैठकीत ती हसू दाबत मनात म्हणायची, मेला हसवून माझा कॅमेरा हलवणार! पण आपण काढलेलं ती परत कधी बघायची नाही, आणि कॅमेरा तेही टिपतोय, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिच्यासाठी त्या चित्रीकरणात नुसती पाठच होती.

"लोवेल," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "गावाचा हक्क वगैरे खरंच आहे रे. पण मला... तो दर वेळी वळलाय. मला ते सगळं बघायचंय."

टेबलावरचं घड्याळ वाजलं. लोवेलने ते हाताने दाबून गप्प केलं.

"ठराव मागे घेतोय मी," तो म्हणाला. "आणि तो वळतो ना, तिथून पुन्हा लावा."