पडद्यावरचं पंचशीलनगर

रेणखेडच्या नगरपालिकेत नकाशाचा संगणक घ्यायचा ठराव आला, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो पंचफुलाबाईनं.

गोष्ट त्र्याण्णव सालची. रेणखेड म्हणजे परभणीहून पाथरीकडं जाताना आत वळून लागणारं गाव. नावाला शहर. पालिकेत तोवर यंत्र म्हणावं अशी एकच चीज होती, आवक-जावकच्या टेबलावरचा टाईपरायटर. अशा ठिकाणी पुण्याच्या एका कंपनीचा साहेब आला, सभागृहाच्या भिंतीवर पांढरी चादर लावली अन् चित्रं दाखवून सांगून गेला, की सगळं गाव मोजून मशीनमध्ये भरतो. मग बटण दाबलं की कुठलाही रस्ता, कुठलीही नाली समोर हजर. खर्चातला निम्मा वाटा शासन उचलणार होतं.

बन्सीधर शेठ कापडाचे व्यापारी, विरोधी बाजूचे सभासद. ते उठून म्हणाले, "बस स्टँडच्या मुतारीला पाणी न्हाई अन् आमाला कम्प्युटर पायजे! घोडं न्हाई तर लगाम कशाला?"

सभागृह हसलं. तेव्हा पंचफुला उभी राहिली. एरवी ती सभेत कमी बोलायची. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली, आधी बालवाडीत शिकवणारी बाई.

"शेठजी, आमच्या वस्तीत नळ द्या म्हणलं की विंजनेर सायेब म्हणतेत, पाईप कुठून न्यावा, नकाशात वाटच न्हाई. एकदा नकाशातच आलो म्हंजे कोण न्हाई म्हणतंय बघू की. माझं मंजूर हाय."

खुर्चीवर बसलेले अध्यक्ष व्यंकटराव तिच्याकडं बघून कौतुकानं हसले. ठराव पास झाला.

व्यंकटरावांचं अन् तिचं नातं साऱ्या गावाला ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑगस्टात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा पोखर्णीच्या पलीकडच्या एका खेड्यात पंचफुलाचं घर जळालं. कडेवर लेकरू, मागं सासू तानुबाई अन् नवरा लिंबाजी, अशी ती उभ्या ज्वारीतून वाट फुटेल तिकडं पळत सुटली. व्यंकटरावांनी त्यांना आपल्या शेतातल्या आखाड्यावर ठेवून घेतलं. जाळपोळ करणारी माणसं विचारत आली तेव्हा जनावरांच्या कोठ्याच्या दाराशी बाज टाकून बसले अन् म्हणाले, "आधी मला ओलांडा, मग आत जा." कोणी ओलांडलं नाही. पुढं त्यांनीच कापसाच्या जिनिंगच्या मागच्या सरकारी जागेवर यांना घर घालायला सांगितलं. मागून आणखी घरं आली, पंचशीलनगर झालं. राखीव जागेवर पंचफुलाला उभं केलं तेही त्यांनीच. ती त्यांना दादा म्हणायची, अन् वरवर म्हणायची असं नाही.

उन्हाळ्यात मोजणीवाले आले. तिपाईवर दुर्बीण ठेवून एक जण एका डोळ्यानं बघायचा, दुसरा पट्टी लावून उभा राहायचा. पंचशीलनगरात आले तेव्हा पंचफुलानं त्यांना माठाचं पाणी दिलं, दुपारी ज्वारीची भाकर अन् ठेचा वाढला, अन् टेपचं एक टोक स्वतः धरून गल्लोगल्ली हिंडली. बाया दारात उभ्या.

"माजी न्हाणी बी येईल का हो त्याच्यात?" तानुबाईनं विचारलं.

"सगळं येतं, आजी," मोजणीवाला म्हणाला. "भिंत तिथं रेघ."

तानुबाईला त्याचं इतकं अप्रूप वाटलं, की तिनं ती न्हाणी त्याच दिवशी शेणानं सारवून घेतली.

पावसाळा सरता सरता मशीन बसलं. त्याच्यासाठी खोलीला गार हवेचं यंत्र लावलं होतं, खिडक्यांना पडदे, खाली जाजम. सभासदांना दाखवायच्या दिवशी सगळ्यांनी देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढल्या. नारळ फुटला, हार पडला. कंपनीचा साहेब खुर्चीवर बसला, बोटं चालवली, अन् काळ्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघांत रेणखेड उगवलं.

एकच गलका झाला. जो तो आपलं घर दाखव म्हणू लागला. बन्सीधर शेठ मुतारीचं विसरून पुढं सरसावले. त्यांचं दुकान दिसलं, दुकानाची ओसरीसुद्धा दिसली. शेठ लेकराचा जावळाचा फोटो बघावा तसे बघायला लागले.

"आता आमचं दाखवा," पंचफुला म्हणाली. "जिनिंगच्या मागं."

नकाशा सरकला. जिनिंग आली, नाला आला. मध्ये एक मोठा चौकोन होता. त्यात एकही रेघ नव्हती. लिहिलं होतं: 'मोकळी जागा. नियोजित बाजार संकुल.'

पंचफुलाला वाटलं, आपणच दिशा चुकलो. तिनं मनात जिनिंगकडं तोंड केलं, नाला डाव्या हाताला घेतला. बरोबर होतं. तिच्या तळपायांना जाजम एकदम बर्फासारखं लागलं.

"सायेब, तुमी ईसरलात बघा," ती म्हणाली. "माणसं तर येऊन गेल्ती. मी सोता टेप धरली."

साहेब तरुण होता, कामाचा अभिमान असलेला. विसरलात म्हटल्यावर त्याला लागलं. "छे छे बाई, काही विसरलेलं नाही. हे बघा." त्यानं एक बटण दाबलं.

चौकोनात घरं उभी राहिली. सगळी. वाकडी गल्ली, बुद्धविहाराचा ओटा, हातपंप, तिचं घर. घरामागं एवढीशी चौकट होती, ती तानुबाईची न्हाणी.

पंचफुलाच्या तोंडून सुस्कारा निघाला. तोवर साहेबानं पुन्हा बटण दाबलं, अन् सगळं गेलं.

"लेअर असतात, म्हणजे थर," साहेब समजावत होता. "मंजुरीला जाणाऱ्या प्रतीत हा थर बंद ठेवायचा आहे. तशा सूचना आहेत."

खोलीत गार हवेच्या यंत्राची घरघर तेवढी राहिली. पंचफुला पडद्याजवळ सरकली. घर जळताना तिनं पाहिलं होतं. त्याला धूर असतो, आवाज असतो, पळायला तरी सुचतं. इथं नुसतं एक बोट हललं होतं.

"कुणाच्या सूचना?" शेवटी तिनं विचारलं.

साहेबानं अध्यक्षांकडं पाहिलं, अन् मग त्याला कळलं की आपण नको ते बोललो.

"म्या सांगितलं," व्यंकटराव शांतपणे म्हणाले. "बाई, आत या."

अध्यक्षांच्या खोलीत त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"असं बघू नकोस माज्याकडं," ते म्हणाले. "जागा मोकळी दाखवल्याबिगर संकुल मंजूर होत न्हाई. संकुल झालं तर गावाला पैसा येतो. अन् तुमाला काय वाऱ्यावर सोडीन का मी? नाल्याच्या पलीकडं सगळ्यांना जागा देतो. पत्र्याची घरं बांधून देऊ."

"नाल्याच्या पलीकडं पावसात पाणी भरतंय, दादा."

"भराव टाकू की."

"मग ठरावात लिवा. ह्या ह्या घरांना ही ही जागा, असं."

"ठरावात कसं लिवणार? घरंच न्हाईत म्हणून दाखवायलोत ना वर!" व्यंकटरावांना हसू आलं; लहान लेकराच्या हट्टावर येतं तसं. मग चेहरा गंभीर झाला. "पंचफुला, आखाड्यावर ठेवलं, तव्हा लिवून मागितलं व्हतंस का?"

ती बाहेर आली, चपला पायात घालायचं विसरली, अन् स्टँडपर्यंत तशीच अनवाणी गेली.

घरी लिंबाजीला आधी खरंच वाटेना. रेल्वेत गँगमन, दिवसभर रूळ बघून आलेला माणूस. "दादा? दादा असं करायचे न्हाईत. तुझी ऐकण्यात गफलत झाली आसंल."

"डोळ्यानं बघितलं. घर व्हतं अन् न्हाई झालं."

त्यानं डोक्याचा रुमाल सोडून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "जीव वाचवलाय त्यांनी आपला. त्यांच्या इरोधात उभं राह्यचं म्हंजे लोकं बेइमान म्हणतील."

तानुबाई कोपऱ्यात ऐकत होती. म्हणाली, "जीव वाचवला म्हून जीव त्येंचा झाला का रं?"

दुसऱ्या दिवशी पंचफुला कंपनीच्या साहेबाला गाठायला गेली. तो हॉटेलात पोहे खात होता. तिला बघून ओशाळला. "बाई, मला जे सांगितलं ते मी केलं. आमचं काम पसंत पडल्याचा ठराव झाला की मी मोकळा."

"मी भांडायला आली न्हाई. मला ते थराचं नीट सांगा. आमची घरं कोणच्या थरात हायेत?"

त्यानं टेबलावरच्या दोन बशा एकावर एक ठेवल्या. "हा परवानगीच्या बांधकामांचा. हा विनापरवानगीचा. तुमची घरं ह्या वरच्यात."

"ह्याच्यात आमीच हाव का निसते?"

साहेबाचा चमचा थांबला. "नाही," तो हळूच म्हणाला. "विनापरवाना जे जे मोजलं, ते सगळं त्यात आहे. मंजुरीसाठी मात्र तुमचा भागच वेगळा कापून बंद केला."

पसंतीच्या ठरावाची सभा आठवड्याभरात लागली. संगणकाच्याच खोलीत. पंचशीलनगरच्या बाया दारातून आत डोकावत होत्या, शिपाई त्यांना मागं सारत होता. व्यंकटरावांनी विषय वाचला, सर्वानुमते म्हणायला तोंड उघडलं, अन् पंचफुला उठली.

"अध्यक्ष सायेब," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही. "पसंत करायच्या आधी एक डाव बघून घिऊ. बिगर परवानगीचं नकाशात ठिवायचं न्हाई, असा कायदा हाय का?"

"हाय," व्यंकटराव म्हणाले.

"मग सगळ्यांचंच काढा. सायेब, तो थर पुरा बंद करा."

"त्याची काय गरज..." व्यंकटराव म्हणू लागले. पण विरोधकांना अध्यक्षांची फजिती हवीच होती. बन्सीधर शेठ मोठ्यानं म्हणाले, "करा की! दूध का दूध, पानी का पानी होऊ द्या!"

साहेबानं कपाळ पुसलं अन् बटण दाबलं.

रेणखेडचा बाजार अर्धा उडाला. धान्याच्या मोंढ्याचं एक टोक गेलं. बन्सीधर शेठच्या दुकानाची ओसरी गेली अन् तिच्या मागची नवी माडीही गेली. उपाध्यक्षांची पिठाची गिरणी गेली. जिनिंगला लागून व्यंकटरावांच्या भावाचं गोदाम होतं, त्या जागी काळा पडदा. स्टँडसमोरची हॉटेलं गेली. अन् पालिकेच्या इमारतीचा मागचा भाग, ज्याच्यात ही सगळी बसली होती, तोही गेला, कारण पालिकेनं स्वतःचीच परवानगी कधी घेतली नव्हती.

कोणी हसलं नाही. शेठ उठून पडद्याला नाक लावून आपली माडी शोधू लागले. "कुठं गेली? आवं, पक्क्या इटाची हाय! स्लॅब हाय तिच्यावर!" त्यांचा आवाज फाटला. "आणा! वापस आणा पयले!"

"चालू करा! चालू करा!" चहूकडून ओरड झाली. नुसत्या रेघा होत्या, गावात एक वीटही हलली नव्हती, तरी मोठमोठ्या माणसांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. दारातल्या बायांना आत काय झालं ते कळेना. एकीनं घाबरून विचारलं, "कोण मेलं का ओ?"

साहेबानं बटण दाबलं. गाव परत आलं, पंचशीलनगरही आलं.

"आता हे असंच ऱ्हाऊ द्या," पंचफुला म्हणाली. "जसं मोजलं तसं. मंजुरीला बी हेच जाऊ द्या."

सूचक तीच झाली. अनुमोदक बन्सीधर शेठ. हात वर झाले, काही अध्यक्षांच्या बाजूचेही. व्यंकटरावांनी खाली मान घालून ठराव पास झाल्याचं सांगितलं अन् उठून गेले.

बाजार संकुल बारगळलं. नळाला वेळ लागला, पण पाईपची आखणी त्याच नकाशावरून झाली अन् पंचशीलनगरची वाकडी गल्ली तिच्यात आली. गावात मात्र दोन्ही बोललं जायचं. काही म्हणत बाईनं घर राखलं, काही म्हणत खाल्ल्या घरचे वासे मोजले. व्यंकटराव सभेत तिला 'सन्माननीय सदस्या' म्हणू लागले. तिला शिवी खाल्ल्यासारखं व्हायचं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. पंचशीलनगरात विहाराच्या ओट्यावर मेणबत्त्या लागल्या, बाया गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला पेढे घेऊन व्यंकटरावांच्या घरी गेली. लिंबाजी नको म्हणत होता.

दार व्यंकटरावांच्या बायकोनं, नर्मदावहिनींनी उघडलं. त्या बाजूला झाल्या. व्यंकटराव ओसरीत पेपर वाचत होते. तिनं पेढा पुढं केला. त्यांनी घेतला, खाल्ला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "लय वर्सं गेली त्याच्यात."

"दादा, रागावलात का?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "राग न्हाई. पर माजं डोकं चालंना झालंय. त्या दिवसापासून एकच इचार करायलोय. तुमचं वाईट करावं असं माज्या मनात कवाच आलं न्हाई. देवाशप्पत. अन् तुमाला इचारावं, असं बी मनात आलं न्हाई." ते तिच्याकडं बघत राहिले. "हे कसं काय, तेच कळंना."

पंचफुलाला पडदा बघतानाही एवढा धक्का बसला नव्हता. माणूस खोटं बोलत नव्हता. तिनं पदर सावरला अन् एरवीसारखं खाली जमिनीवर न बसता, समोरची खुर्ची ओढून घेतली.

"मग आता इचारा," ती म्हणाली.

नर्मदावहिनी चहा टाकायला आत गेल्या. व्यंकटरावांनी पेपर बाजूला ठेवला. मग घसा खाकरून, प्रत्येक शब्द नवा शिकल्यासारखा जुळवत, म्हणाले, "नाल्याच्या पलीकडं खरंच पाणी भरतंय का?"