राखेतलं बी

नवसाबाईचं बियाणं म्हणजे गावात शेवटचा शब्द. निफाडकडच्या त्या कालव्याखालच्या गावात कुणाचे वाल रुजले नाहीत, कुणाची मेथी दगा देऊन गेली, की माणूस तिच्याच दारात. राखेत घोळून, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून ठेवलेलं तिचं बी तीन-तीन वर्षं मरायचं नाही. त्याचा तिला तोरा होता, आणि का नसावा?

सून मंजुषा शेतीचं शिकलेली. मुलगा दीपक नाशिक रोडला नोकरीला, बायकोला तिकडं न्यायला टपलेला. मंजुषानं अट घातली, "एक हिवाळा मला आपलं चोपण रान द्या. तिथं पीक आलं, तर मी इथंच राहणार." चोपण रान म्हणजे कालव्याच्या पाण्यानं खारावलेलं, वर मिठाचा पांढरा पापुद्रा आलेलं. तिथं गवतसुद्धा नाक मुरडायचं. पण पोरीनं इटलीची एक भाजी हुडकली होती. अग्रेट्टी म्हणे! शेपूसारखी बारीक पण रसाळ पानं, आणि खाऱ्या मातीत खुशाल वाढणारी. नाशकातलं एक हॉटेल घ्यायला तयार होतं.

नवसाबाईनं देवापुढं साखर ठेवली. मालक गेल्यापासून भिंतींशी बोलून जीव विटला होता तिचा. सून घरात राहावी, एवढंच हवं होतं.

डिसेंबरात बी आलं. "आत्याबाई, सगळं लगेच पेरायचं हं. एक दाणा मागं ठेवायचा नाही," मंजुषा म्हणाली. का, ते काही बोलली नाही. म्हातारीला काय कळतंय, असं वाटलं असेल. म्हातारीला वाटलं, शिकली पण अक्कल नाय आली. सगळं बी कुणी मातीत घालतं व्हय? "आण, निवडून देते," म्हणून तिनं पाकीट घेतलं, आणि टपोरं टपोरं निम्मं बी गुपचूप राखेत घातलं.

पेरलेल्यातलं बरंचसं उगवलं. हिरव्या सुयांनी वाफे भरले, मंजुषा अक्षरशः नाचली. आणि जानेवारीत मेली गारपीट झाली! पाव तासात वाफ्यांचा चिखल. पोरगी बांधावर बसून ढसाढसा रडली. दोन दिवस तिनं सगळीकडं फोन लावले. बी कुठंच शिल्लक नव्हतं. 'रडू नको, बी हाय,' हे नवसाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं गिळलं. आत्ता दिलं तर ही उतावळी उन्हाच्या तोंडावर पेरून तेही घालवील. शिवाय चोरून ठेवलेलं. ओरडा कोण खाणार? बी वेळेलाच काढावं.

मार्चमध्ये मंजुषा सामान बांधून गेली. निघताना म्हातारी हसत होती, त्याचं सुनेला जरा वाईटच वाटलं. 'जा गं, दिवाळी होऊ दे, मग बघ,' असं म्हातारीच्या मनात.

दिवाळी सरली. नवसाबाईनं मडकं फोडलं. दाणे तसेच, टपोरे. तिनं स्वतःच्या हातानं वाफे केले, दाणा दाणा पेरला, रोज पाणी शिंपलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. मातीला तडादेखील गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बी फसलं.

तिनं नाशिक रोडला फोन लावला. "मंजुषा, ते तुझं इटलीचं बी उगवंना गं."

"कुठलं बी?"

तिनं सगळं सांगितलं.

"आत्याबाई, ते बी तीन-चार महिन्यांतच मरतं. राखेत ठेवा नाहीतर सोन्यात. म्हणून तर म्हटलं होतं, लगेच पेरायचं."

नवसाबाईनं बोटांवर महिने मोजले. "आन गारा झाल्या, त्या दिवशी दिलं असतं तर?"

"तेव्हा जिवंत होतं की. आलं असतं," मंजुषा म्हणाली. "मी गेलेच नसते."