शैलाताईंच्या खिडकीसमोर

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो. एक पंख मोडलेला, अंगावर नंबराची चिठ्ठी डकवलेली, असा मी परळच्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. एके काळी मी लग्नांत नवरा-नवरीवर फुले उधळायचो. लोक माना वर करून मला हात करायचे आणि मी भलताच फुगायचो.

मग एका चाळीचे मालक कमलाकांतराव यांनी मला विकत घेतले. त्यांना चाळ पाडून टॉवर बांधायचा होता. सगळी बिऱ्हाडे गेली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या शैलाताई तेवढ्या हलत नव्हत्या. त्या इस्पितळात रात्रपाळीच्या आया. दिवसा खिडकी लावून झोपायच्या. सहा महिने खोली वापरात नसली की भाडेकरूला काढता येते, तेव्हा तिथे कुणी राहतच नाही, असे मालकांना कोर्टात दाखवायचे होते. म्हणून त्यांचा माणूस राकेश रोज अकरा वाजता मला त्या खिडकीसमोर न्यायचा. बंद खिडकी टिपायची आणि परतायचे. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही, याची आज लाज वाटते.

मे महिन्यात एके दिवशी खिडकी उघडी होती. शैलाताई नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या, अंगावर नुसता परकर. राकेशने मला मागे घेण्याऐवजी आणखी जवळ नेले. माझा डोळा मिटत नाही, मी टिपत राहिलो. इतक्यात कपडे वाळत घालायची काठी माझ्या पंखावर बसली आणि मी त्यांच्या खोलीतच कोसळलो.

मालक पोलिसांना घेऊन आले. "चाळ माझी, वरचं आकाश माझं! माझी वस्तू फोडली हिनं!" चोराच्या उलट्या बोंबा!

"चाळ तुमची असेल, मालक. माझी आंघोळपण तुमची काय?" शैलाताईंनी विचारले.

ठाण्यात त्यांच्या वकील प्रितीताईंनी माझ्यातले चित्रण पाहिले. मागे पेटता गॅस, अंथरूण, बुद्धाच्या तसबिरीपुढे ताजी फुले. "ताई, तुम्ही इथंच राहता याचा पुरावा यातच आहे. पण कोर्टात दाखवावं लागेल. समोरचा वकीलही बघणार."

शैलाताई पदराचे टोक पिळत बसल्या. मला कुणीतरी जाळून टाकावे, असे वाटत होते.

"दाखवा," शेवटी त्या म्हणाल्या. "ज्यानं पाठवला त्याला वाटू दे लाज."

खोली वाचली. पण त्या खिडकीवर आता फळ्या ठोकल्या आहेत. ऐन उन्हाळ्यात झोपून उठल्यावरही शैलाताईंना वाऱ्यासाठी ती उघडता येत नाही.

मित्रांनो, मला मोकळ्या मैदानात हवे तितके उडवा, पण कुणाच्या खिडकीशी नेऊ नका. घरात कुणी राहते का, हे बघायचेच असेल, तर जिने चढा आणि कडी वाजवा. राकेशने एकदा जरी वाजवली असती, तर शैलाताई झोपेतून उठून दार उघडायला आल्या असत्या.