काचेखालचा कौल

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी राजारामपुरीतल्या एका दारात चपलांचा हा एवढा ढीग पडला होता. दार अण्णासो मगदुमांचं. अण्णासोंना जाऊन महिना उलटला होता, तरी लोक आले होते ते त्यांनाच भेटायला.

आतली खोली माणसांनी गच्च भरलेली. मधोमध चार लोखंडी पायांवर एक लांबट पेटी, वर काच, काचेखाली रंगवलेली उतरती फळी, तिच्यावर खांब, रबरी कडी आणि बारके दिवे. पेटीच्या डोक्याशी उभी काच आणि त्या काचेवर झोक्यावर बसलेली एक विलायती बाई. मागचे दिवे लागले की तिचे डोळे थेट आपल्याकडे बघतात असं वाटायचं. पिनबॉलचं जुनं यंत्र होतं ते. लोखंडी गोळी सोडायची, ती खांबांना आपटत खाली यायची, घंटी वाजायची आणि आकड्यांची चाकं फिरायची, एवढाच त्याचा उद्योग. आता मात्र त्याच्या काचेवर हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि नारळांची रास होती.

पेटीच्या एका पायाला खेटून, गुडघ्यांवर भगवी शाल ओढून, काढे देणारे आणि कौल लावणारे कृष्णात आप्पा पाटावर बसले होते.

"अण्णासोऽऽ!" आप्पांनी हाक दिली. "उदयसिंहाला ठेका मिळंल काय? मिळणार असंल तर उजवा कौल द्या!"

आणि मग काचेखालून, कुणी हात न लावता, आवाज आला. टिंग!

"बोलले! अण्णासो बोलले!" उदयसिंह बांधकामाचा ठेकेदार, चांगला दांडगा गडी, पण त्याचे डोळे भरून आले. बायकांनी पदर पसरले.

देवळात गुरव देवाला फुलं लावतो, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आप्पांनी तीच रीत इथे आणली होती. घंटी वाजली तर उजवा कौल, गप्प राहिली तर डावा.

"ही साधी घंटी न्हवं," आप्पा सांगू लागले. "आत्मा म्हंजे करंट. करंट म्हंजे व्हायब्रेशन. परदेशातली शास्त्रज्ञ मंडळी आत्ता कुठं हितंवर पोचल्यात. आपण कवाच फुडं गेलोय."

दाराशी उभी राहून स्नेहल हे ऐकत होती. ती अण्णासोंची एकुलती एक लेक. शाळेत विज्ञान शिकवायची, सकाळची शाळा आटोपून बाराच्या आत घरी यायची आणि रोज स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी कडेला उभी राहायची. शास्त्रज्ञांचं तिला काही वाटत नव्हतं. तिचं लक्ष होतं पुढच्या रांगेत बसलेल्या आईकडे. अक्काताईंच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणी झाली होती, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आत्ता काढली तर धोका टळेल, वेळ घालवू नका. अक्काताईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पेटीला विचारलं, "ऑपरेशन करून घेऊ काय?"

घंटी गप्प राहिली. मग आप्पांनी विचारलं, "माझा काढा चालंल काय?" आणि घंटी अशी खणखणीत वाजली की काय सांगावं! तेव्हापासून अक्काताई सकाळ-संध्याकाळ तो काळपट काढा पीत होत्या, संध्याकाळचा मात्र दिवस मावळायच्या आत, कारण दिवस मावळल्यावर तोंडात काही न घेण्याचा जैन धर्माचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

अण्णासोंचा आयुष्यभराचा धंदा मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायचा. दुकान बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून जयसिंगपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी हे धूड उचलून आणलं. कुठल्याशा क्लबात कधीकाळी वाजलेलं, मग उंदरांनी खाल्लेलं. त्यांनी ते सुटं केलं, कॉइल नव्याने गुंडाळल्या, संपर्काच्या पट्ट्या घासल्या, झोक्यावरच्या बाईचा उडालेला रंगसुद्धा भरला. दिवे लागले, चाकं फिरू लागली. काम संपत आलं होतं. आणि एके दिवशी पेटीपाशी काम करता करताच ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

पेटीचं बटण अक्काताईंनी बंद करू दिलं नाही. "त्यांनी लावलेला दिवा हाय," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा घरात स्नेहल एकटी जागी होती. दुपार टळली होती, आई आत झोपलेली, खिडकीतून मिरचीचा खकाणा येत होता. ती वह्या तपासत होती. टिंग. तिने वर पाहिलं. झोक्यावरची बाई तिच्याकडेच बघत होती. पुन्हा टिंग, आणि आकड्याचं एक चाक सावकाश, एखाद्याने बोटाने सरकवावं तसं, पुढे गेलं. स्नेहलच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा असता तर एक वेळ चाललं असतं, पण तिच्या तोंडून शब्द निघाला तो "अण्णा?" असा, आणि त्या हाकेत भीती नव्हती, आशा होती. मुलांना विज्ञान शिकवणारी ही बाई त्या दुपारी बराच वेळ काचेवर तळहात ठेवून उभी राहिली. उत्तर यावं असं तिला मनापासून वाटत होतं.

मग घंटी आईने ऐकली, गल्लीने ऐकली, आणि वास लागल्यासारखे आप्पा शाल घेऊन हजर झाले. पण म्हणूनच आईवर तिला रागावता येत नव्हतं.

एकदा तिने समजावून पाहिलं. "आई, मंदिरात तूच ऐकतेस ना? जीव गेला की लगेच दुसरा जन्म घेतो. आपल्यात भूत नाही, भटकणं नाही. मग अण्णा या पेटीत कशाला बसून राहतील?"

"शास्त्र मला ठाऊक हाय," अक्काताई म्हणाल्या. "पर घंटी वाजली की माझं काळीज ऐकतं काय शास्त्र? चाळीस वर्सं त्यांना इचारल्याबिगर मी साडीसुद्धा घेतली न्हाई. आता एवढं मोठं ऑपरेशन, आणि कुणाला इचारू?"

त्या दिवसापासून स्नेहल घंटीवर पाळत ठेवू लागली. एकच्या आधी आणि तीननंतर घंटी वाजायची ती अधूनमधून, उगाचच, कुणी न विचारता. दुपारी एक ते तीन मात्र आप्पांनी विचारलं तरच. तो वेळ आप्पांनीच ठरवलेला. म्हणे आत्म्याचा मुहूर्त. आणि बरोबर त्याच वेळी भिंतीपलीकडची धोंडुबाईंची मिरची कांडपाची गिरण जेवणासाठी बंद असायची.

एका सकाळी शाळेला सुट्टी होती. गिरण सुरू झाली, लोखंडी मुसळं धबाधबा पडू लागली, भिंत थरथरली. स्नेहलने पेटीचं नाणं टाकायचं छोटं दार उघडलं आणि टॉर्च आत मारला. आत पाहिलं, आणि ती तिथेच फरशीवर बसून रडली. मग तोंड धुऊन शेजारी गेली.

"धोंडुबाई, गुरुवारी आई पुन्हा पेटीला विचारणार आहे. त्या दिवशी जरा उशिरा जेवाल?"

"का गं?"

स्नेहलने सांगितलं. धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं माझे बाई! म्हंजे अण्णासो म्हणून लोकं माझ्या मुसळांच्या पाया पडत्यात व्हय? न्हाई जेवत जा मी. तू खिडकीतनं रुमाल हलीव, मी बटण दाबतो."

गुरुवारी खोली तुडुंब भरली. अक्काताई पहिल्याच रांगेत होत्या. काढ्याने तोंडाची चव गेली होती, चेहरा उतरला होता.

"अवो, ऐकताय न्हवं?" त्या पेटीला म्हणाल्या, आणि हे 'अवो' इतकं घरातलं होतं की मागच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. "पोरगी ऐकंना झाल्या. शेवटचं इचारतो. ऑपरेशन करून घेऊ काय?"

आप्पांनी डोळे मिटले आणि अजिबात न हलता बसून राहिले. कौल डावा यायचा होता. खिडकीशी स्नेहलने रुमाल हलवला.

भिंतीपलीकडे धब्ब झालं. टिंग! पुन्हा धब्ब, पुन्हा टिंग. आप्पांनी एक डोळा उघडला.

"व्हय म्हणाले!" अक्काताई ताडकन उभ्या राहिल्या. गालांवर पाणी, आणि महिन्याभरात पहिल्यांदा चेहऱ्यावर हसू. "स्नेहल, व्हय म्हणाले गं! करून घे म्हणत्यात!"

आता गप्प बसावं, एवढंच करायचं होतं. आई उद्या दवाखान्यात गेली असती, स्वतःहून आणि आनंदाने. स्नेहलला ते हवंच होतं. पण उद्या हीच घंटी आणखी कुणाच्या हातात जाईल, आणि आई पुन्हा तिचंच ऐकेल. ती गर्दीतून वाट काढत पेटीपाशी गेली.

"अण्णा, कोल्हापूर समुद्राकाठी आहे का?"

टिंग!

"पंचगंगेत दूध वाहतं का?"

टिंग! टिंग!

"आप्पांचा काढा म्हणजे नुसतं गुळाचं पाणी आहे का?"

टिंग टिंग टिंग! मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आत्म्याची चेष्टा!" आप्पा गरजले. "अण्णासो कोपल्यात! घराचं वाटोळं हुईल!"

स्नेहलने खिडकीतून हात केला. गिरण थांबली आणि घंटीही थांबली. "आता आप्पा, तुम्ही उंबऱ्यापाशी बसा. तिथून विचारा."

"जागा बदलता येत न्हाई. वेव्हलेंग्थ तुटती."

"आत्म्याला पायाजवळचीच वेव्हलेंग्थ लागते होय?" असं उदयसिंहच म्हणाला, कारण त्याचा ठेका बुधवारी दुसऱ्याला मिळाला होता. लोकांनी आप्पांना दाराशी नेऊन बसवलं. आप्पांनी हाका मारल्या, विनवलं, दरडावलं. पेटी ढिम्म. मग स्नेहल त्यांच्या पाटावर बसली, शाल गुडघ्यांवर ओढली आणि पेटीच्या पायाला गुडघ्याने हलकाच धक्का दिला. टिंग!

तिने छोटं दार उघडून टॉर्च आत मारला. "बघा सगळ्यांनी."

उदयसिंह वाकला. "आयला, हा तर ओळंबा!"

ओळंबाच होता. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतो, तसं एका तारेला लोंबणारं वजन आणि त्याच्याभोवती पितळी कडं. खेळणारा लबाड असेल तर तो गोळी वळवायला पेटी हलवतो. पेटी हलली की वजन कड्याला टेकतं, वीज वाहते आणि खेळ बंद पडतो. लबाडी पकडायलाच ते ठेवलेलं असतं.

"पण इथे त्याची तार घंटीला जोडली आहे," स्नेहल म्हणाली. "किती हलल्यावर वजन टेकतं ते कानाने कळावं म्हणून. ही लाल तार बघा, नुसती पिळलेली आहे, कथलाचा डाग दिलेला नाही. अण्णा कच्चा सांधा कधी ठेवायचे नाहीत. हा ठेवला, कारण तपासून झाल्यावर काढायचा होता." तिने टॉर्च वजनाकडे वळवला. "वजन टेकलं की घंटी, घंटीसोबत आकडा. आप्पा व्हायब्रेशन म्हणाले ते तेवढं खरं आहे. ते गिरणीचं, आणि दुपारी त्यांच्या गुडघ्याचं."

लोक आप्पांकडे वळले, तर आप्पा दाराबाहेर चपला शोधत होते. स्वतःच्या सापडेनात, म्हणून दुसऱ्याच कुणाच्या तरी घालून गेले.

अक्काताई वाकून पेटीत बघत होत्या. त्यांनी आत हात घातला, एका बोटाने वजन हलवलं. टिंग. परत हलवलं नाही.

"म्हंजे ते एकदाबी बोलले न्हाईत?"

"नाही, आई."

"मघाशी व्हय म्हणालं ते?"

"धोंडुबाईंचं कांडप."

"तू गप बसली असतीस, तर मी उद्याच गेलो असतो की गं."

"माहीत आहे," स्नेहल म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "पण मग मीही तुला फसवलंच असतं."

अक्काताईंचा नवरा त्या दुपारी दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी सगळ्या गल्लीसमोर. मग त्यांनी काचेवरचा हार काढला, भिंतीवरचं बटण बंद केलं. झोक्यावरची बाई विझली.

"जावा आता घरी," त्या लोकांना म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "पोरीचं लगीन ठरवायचं असंल तर पोरीला इचारा. ठेका पायजे असंल तर काम चांगलं करा. दुखत असंल तर डॉक्टर हाय. मेलेल्या माणसाला इचारून जित्या माणसांनी वागायचं न्हाई. मी वागलो, आणि आणखी महिनाभर वागलो असतो तर माझाबी फोटो त्यांच्या शेजारी लागला असता. डोस्कं दिलंय ते वापरा, एवढंच सांगतो."

बायका पदर सावरत उठल्या, नारळ ज्याचे त्याने नेले. काढ्याची बाटली अक्काताईंनी मोरीत रिकामी केली आणि पाणी सोडलं.

खोली मोकळी झाल्यावर त्या लेकीशेजारी येऊन बसल्या.

"ऑपरेशन दुखंल काय गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. स्नेहलने आईचा हात धरला.

"दुखेल, आई. काही दिवस चांगलंच दुखेल. मी जवळच असेन."

अक्काताईंनी मान हलवली. "बरं. मग लाव डॉक्टरला फोन," त्या म्हणाल्या.