न छापलेल्या कवीचं पुस्तक

नव्या कवींच्या त्या बक्षिसाला दोनच अटी होत्या: वय चाळिशीच्या आत आणि पुस्तक अजून छापलेलं नसावं. घड्याळजी पुढच्या महिन्यात चाळिशी ओलांडणार होता, म्हणजे ही शेवटची गाडी. आणि नेमकं आत्ताच त्याच्या छापखानेवाल्या मेहुण्याच्या अंगात प्रेम संचारलं. बहिणीशी, म्हणजे घड्याळजीच्या बायकोशी, संगनमत करून पठ्ठ्याने घड्याळजीच्या कवितांचं पुस्तक छापलं, गावभर वाटलं आणि मग सांगायला आला.

"भावोजी, तोंड गोड करा."

"तू आधी तुझं बंद कर," घड्याळजी म्हणाला. "कुणाकुणाला दिलंस?"

"ओळखीच्या सगळ्यांना. वाटेत जे अनोळखी भेटले, त्यांनाही."

अर्ज संध्याकाळपर्यंत पोचवायचा होता. वाटलेल्या प्रती परत गोळा करायला घड्याळजी पिशवी घेऊन दारोदार फिरला. त्याला वाटलं, लोक आढेवेढे घेतील. कसलं काय! एकाने डुगडुगत्या टेबलाच्या पायाखालून पुस्तक काढून दिलं, वर 'सुटलो' म्हणाला. न्हाव्याने त्याचं अजून उघडलंसुद्धा नव्हतं. शिंपिणीने तर एक घेतलं होतं आणि दोन परत केली. हे कसं, ते तिला आणि देवालाच ठाऊक. दारागणिक काम फत्ते होत होतं आणि दारागणिक घड्याळजीचा तिळपापड होत होता.

मोजून पाहिलं तर उरली एक प्रत, सासूबाईंकडची. लग्नापासून या बाई जावयाशी कधी धड दोन शब्द बोलल्या नव्हत्या. त्या पुस्तक फेकूनच मारतील, या भरवशावर तो गेला.

सासूबाई खिडकीत बसून ओळीखाली बोट धरून वाचत होत्या.

"आई, ते पुस्तक हवंय."

"अर्धं राहिलंय, जावईबापू."

"रद्दीत घालायचंय. नाहीतर माझं बक्षीस बुडेल."

"बुडू दे. समोरच्या तिघींना वाचून दाखवलंय मी. आता त्यांनाही रद्दीत घालणार का?" त्यांनी चष्मा वर ढकलला. "डोक्यात हे असलं चालतं, आणि इतकी वर्षं माझ्यासमोर मुक्यासारखे बसायचात?"

पिशवीने घड्याळजीच्या खांद्याला रग लागली होती. हिसकावून पळालं असतं तर अजून वेळेत पोचता आलं असतं. त्याने हात पुढे केलाही.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "ही कविता मला कळली नाही. पुन्हा वाचते, चुकलं तर सांगा."

तो चरफडत बसला. त्या वाचू लागल्या आणि दुसऱ्याच ओळीत नको तिथे थांबल्या.

"तिथे नाही हो, आई," तो वैतागून म्हणाला. "ओळ संपल्यावर थांबायचं. पहिल्यापासून घ्या."